आत्याच्या किल्लीची मूठ

५ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोन केला की तू दोन वाक्यांत लाइन तोडतेस, म्हणून पत्र. जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिलीस, तेव्हा निवृत्तीनंतर तुला फोनचा वीट आला यात नवल नाही. पण उत्तर सविस्तर पाठव, चार ओळी खरडून भागवू नकोस.

मी सुखरूप पोचले. वसतिगृहाची खोली हवेशीर आहे, खोलीतली मैत्रीण झोपेत बडबडते, आणि दुसऱ्या वर्षाला डिझाइन शिकवायला ज्या बाई आल्या आहेत त्यांनी अर्ध्या वर्गाची झोप उडवली आहे. गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग असतं, म्हणून त्यांचं नाव भिंगबाई. त्यांना ते ठाऊक आहे आणि चालतंही. पहिल्या दिवशी त्यांनी घरचा एक जुना चमचा आणला आणि दिवसभर आम्हाला तोच काढायला लावला. संध्याकाळी चमचा खिशात घातला आणि विचारलं, की तो कुठल्या बाजूने झिजलाय. ते कुणीच पाहिलं नव्हतं. मी तर दोन्ही कडा अगदी सारख्या काढून शाबासकीची वाट बघत होते. पातेल्याच्या तळाला वर्षानुवर्षं घासून त्याची डावी कड सपाट झाली होती, म्हणजे ढवळणारा हात उजवा. डोळे सगळ्यांना असतात, बघायला शिकावं लागतं, एवढं बोलून त्या निघून गेल्या.

त्यांच्या वर्गात ‘छान’ या शब्दाला बंदी आहे. छान म्हणजे बघायचा कंटाळा, असं त्यांचं म्हणणं. ज्याच्या तोंडून तो शब्द निघेल त्याने हातात झाडू घेऊन कार्यशाळा झाडायची, मग तो कुणी का असेना. पहिल्या आठवड्यात तिथला लाकडाचा भुसा बहुतेक मीच काढला.

आता मुद्द्याचं. या सत्रात प्रत्येकाने एक खरा माणूस आणि त्याची एक खरी अडचण निवडायची आहे. वस्तू करून त्या माणसाला द्यायची, ती कशी वापरायची हे सांगायचं नाही, आणि वापरून झाली की परत आणायची. बाई तिच्यावरच्या खुणा वाचतात. सत्र संपताना बाहेरचे परीक्षक येतात. वापरलेली वस्तू त्यांच्यासमोर नसली तर हेच वर्ष पुन्हा.

मी तुझी किल्ली निवडली. बाबांनी तुला घातलेली अट आईने मला सांगितली. वर्ष संपेपर्यंत तुला स्वतःचं दार स्वतः लावता-उघडता आलं नाही, तर ते तुला आमच्याकडे राहायला घेऊन येणार. तुला ते नको आहे हे कुणी सांगायला नको. मी ऐटीत हे वर्गात मांडलं, तर बाईंचा पहिलाच प्रश्न, की मग कुलूपच का बदलत नाहीत. घोडं तिथेच अडलं. तेवढं कळव.

बोटं कशी आहेत, खरं सांग. लोभ आहेच, त्यात भर पडत राहावी.

तुझी,
उचापत

---

१३ जुलै

चि. उचापतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीनेच काढल्यासारखं आहे, तेव्हा बाईंनी आधी तिकडे भिंग लावावं.

कुलूप का बदलत नाही, तर घरमालक बदलू देत नाही. दार त्याच्या आजोबांच्या वेळचं आहे. त्याला एक भोक पाडायचं म्हटलं तर जणू आजोबांनाच भोसकतोय असा चेहरा करतो. कुलूप दाराच्या पोटातलं आहे, आतून-बाहेरून एकाच किल्लीने चालतं, आणि किल्ली कागदाएवढी चपटी. ती मला चिमटीत धरता येते, फिरवता येत नाही. जोर लावला की बोटाच्या सांध्यातून कळ जाते ती थेट कोपरापर्यंत. संधिवात हा शब्द डॉक्टर इतक्या गोड आवाजात उच्चारतात, की एखाद्या पाहुण्याची ओळख करून देतायत असं वाटावं.

सध्या खालच्या मजल्यावरचा घड्याळजी येऊन दार लावून देतो. माणूस भला आहे, पण जिना चढताना दर पायरीला उसासा टाकतो, आणि ते उसासे मला ऐकू यावेत अशी त्याची इच्छा असते. दुकान बंद करून तो घरी गेला की माझं बाहेर पडणं संपलं. संध्याकाळचं वाचनालय सुटलं. मग आतून दाराला आरामखुर्ची टेकवून बसते.

तुझा बाप वाईट नाही. त्याने माझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहे, पडदेही आणलेत. पडदे नेमके माझ्या आवडीच्या रंगाचे आहेत, म्हणून तर जास्त भीती वाटते. चांगुलपणाला नाही म्हणणं फार अवघड असतं.

मला इथून जायचं नाही. हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही. मूठ कर. कशी वापरायची ते सांगू नकोस म्हणे, पण मी तरी कधी कुणाचं ऐकलंय.

तुझ्या बाईंना नमस्कार. जेवत जा.

तुझी,
आत्या

---

२२ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोबतच्या डबीत मूठ आहे. किल्लीची चकती तिच्या खाचेत बसवून वरचा छोटा स्क्रू घट्ट करायचा, एवढंच सांगायची परवानगी आहे, पुढचं तुझं तू. शिसवी लाकूड आहे. आकार पानाचा, आणि पानाच्या शिरा मी सुईसारख्या पटाशीने एकेक कोरल्या आहेत. तेल पाजून, घासून, पुन्हा तेल पाजून ती अशी झाली आहे, की वर्गातल्या पोरांनी ती हातात घेतली आणि एकामागून एक झाडू धरला.

बाईंनी नुसती उचलून पाहिली, खाली ठेवली आणि आत्या काय म्हणते ते बघू म्हणाल्या. मला काळजी नाही. तू वापर, आणि महिनाभराने परत पाठव. लोभ असू दे.

तुझी,
उचापत

---

२ सप्टेंबर

चि. उचापतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मूठ मिळाली. फारच छान आहे. घड्याळजीला दाखवली, त्यालाही छान वाटली. तुझ्या बापाला फोनवर सांगितलं की पोरीने छान काम केलंय, आता त्या पडद्यांचं काय करायचं ते बघ. इकडे सगळं छान. तू काळजी करू नकोस, अभ्यास कर.

तुझी,
आत्या

---

२८ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू परत पाठवलेली मूठ मिळाली आणि आज बाईंनी ती पाहिली. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

आधी मी तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं. छान मोजत पोरं हसायला लागली. तुझ्या वतीने मला कार्यशाळा झाडावी लागली, अगदी कोपऱ्यांसकट. मग बाईंनी मूठ हातात घेतली, भिंग लावलं, उलटी केली, खाचेत डोकावल्या. शेवटी म्हणाल्या, की ही मूठ किल्लीला भेटलेलीच नाही. खाचेत एक ओरखडा नाही, स्क्रूच्या डोक्यावर खरवड नाही, तेलाची चकाकी मी दिली तशीच. फक्त खालच्या बाजूला धुळीची बारीक रेघ होती, एका जागी ठेवलेल्या वस्तूला असते तशी. ही काचेच्या कपाटात, बहुतेक कपबश्यांच्या शेजारी होती, असं त्या म्हणाल्या.

आत्या, मला तुझा राग आला. सगळ्यांसमोर माझे कान तापले. मी बाईंना म्हटलं, की माझ्या आत्याने मला फसवलं, आता मी काय करणार. त्यावर त्यांनी भिंग खाली सोडलं आणि विचारलं, की शोभेची वस्तू कुणी केली. मी म्हटलं, मी. मग आत्याने ती शोभेला ठेवली यात तिचं काय चुकलं, असं त्यांनी विचारलं. तुझ्या आत्याने तुला अगदी बरोबर उत्तर दिलंय, फक्त पत्रात नाही दिलं, हे त्यांचं वाक्य.

मला तेव्हा उठून जावंसं वाटलं, पण गेले नाही. त्यांनी एक जुनी किल्ली आणि चिकटपट्टी आणली, माझ्या दोन्ही हातांच्या बोटांना आइस्क्रीमच्या काड्या बांधल्या आणि स्वतःच्याही बांधल्या. सबंध दुपार आम्ही दोघी तशाच वावरलो. त्यांनी तसाच चहा केला आणि अर्धा ओट्यावर सांडला. मी तसंच दप्तर उघडलं, वही काढली आणि माझी देखणी मूठ फिरवून बघितली. पानाच्या शिरा बोटात रुतल्या आणि मूठ जागची हलली नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते मी स्वतःच कोरलं होतं.

तू खरं का नाही लिहिलंस? रागाने नाही, खरंच विचारतेय.

तुझी,
उचापत

---

३० सप्टेंबर

आदरणीय आत्याबाईंस,
स. न. वि. वि.

आपली भाची माझी विद्यार्थिनी. ती हाताने चांगली आणि डोक्याने उतावळी आहे. पहिली गोष्ट मी शिकवू शकत नाही, ती तिच्यात आहेच. दुसरी घालवण्यासाठी मला आपली मदत हवी आहे.

आपण तिला प्रेमाने पाठीशी घातलंत, हे मी समजू शकते. मात्र माझ्या कामात त्याने फार नुकसान होतं. तिच्या पुढच्या वस्तूला आपण मनसोक्त नावं ठेवावीत, अशी नम्र विनंती आहे. कुठे दुखलं, कुठे निसटली, कधी फेकून द्यावीशी वाटली, हे सगळं हवं आहे. आपण टेलिफोन एक्सचेंजमध्ये होता असं कळलं, तेव्हा स्पष्ट बोलायचं आपल्याला मी काय शिकवणार.

दुसरी विनंती अशी, की सुट्टीत तिला दोन दिवस आपल्याकडे पाठवते आहे. ती मदतीला हात पुढे करणार नाही आणि तोंडही उघडणार नाही. आपण तिच्याकडे लक्ष न देता आपली रोजची कामं करावीत.

मी तिला नापास करणार नाही, असं मी म्हणणार नाही. तिने पास व्हावं अशी माझी फार इच्छा आहे, एवढं मात्र म्हणते. ते तिला सांगू नये.

आपली स्नेहाकांक्षी,
तिच्या बाई

---

६ ऑक्टोबर

चि. उचापतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बाईंचं पत्र आलं. बाई खमकी आहे. मला आवडली.

का लिहिलं नाही ते ऐक. डबी उघडली आणि वाटलं, केवढं बारीक काम केलंय पोरीने. असली वस्तू रोज दाराला घासायची म्हणजे पाप. म्हणून जपून ठेवली, कपबश्यांच्या शेजारीच. बाईंना ते कसं कळलं, हे मात्र मला विचारायचं आहे. आपल्या घराण्यात चांगली वस्तू वापरायची पद्धत नाही. तुझ्या आजोबांनी घेतलेलं शाईचं पेन त्यांच्या पश्चात आम्ही पहिल्यांदा उघडलं.

एकदा लावून बघायचा विचार केला होता. मग वाटलं, लागली नाही तर तुला लिहावं लागेल, तुझं वर्ष जाईल, आणि तुझ्या बापाला कळलं तर पडद्यांना कड्या लागतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. छान लिहिलं की तिघांचंही भागतं असा माझा हिशेब होता. तो चुकला.

पण राग आला म्हणतेस तर ऐकून घे, मलाही तुझा आला होता. मी दार मागितलं होतं, तू दागिना पाठवलास.

आता ये. बोलणार नाहीस म्हणे. बघूच किती वेळ टिकतेस.

तुझी,
आत्या

---

२५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोन दिवस मी तोंडात मूग गिळून बसले, त्याचा तू पुरता सूड घेतलास. माझ्या लहानपणीच्या एकेक फजितीच्या गोष्टी घड्याळजीला बोलावून माझ्यासमोर सांगितल्यास, आणि मला एकही दुरुस्त करता आली नाही. मी खुर्चीवरून पडले होते, टेबलावरून नाही, हे आता लेखी नोंदवते.

पण मी बघत होते. तू कुठलीच गोष्ट पिळत नाहीस. बरणीचं झाकण तळहाताच्या खालच्या गादीने दाबून सरकवतेस. नळाला कोपराने ढकलतेस. कपाटाची कडी मनगट टाकून खाली पाडतेस. बोटांनी करायचं सगळं तू कधीच सोडून दिलंयस, आणि मी तुझ्या बोटांसाठी मूठ कोरत बसले होते. परत आल्यावर हे बाईंना सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली आणि आपला डबा माझ्यापुढे सरकवला. वर्गात याला फार मोठा मान समजतात.

सोबत नवी मूठ आहे. दिसायला काही नाही, साधी तळहाताएवढी दांडी. किल्ली एका टोकाला बसते, दुसरं टोक आडवं बाहेर येतं. बाकी सांगत नाही. माझ्या मैत्रिणीने तिला चपलेचा तुटका अंगठा म्हटलं, तरी मी खूश आहे. बाईंनी मला एक प्रश्न विचारला होता, तो मी घाईत नीट ऐकला नाही, पार्सलची वेळ होत आली होती.

नावं ठेव. मनापासून ठेव, लोभ त्यातच आहे.

तुझी,
उचापत

---

३ नोव्हेंबर

चि. उचापतीस,
आशीर्वाद, जेवढे शिल्लक आहेत तेवढे.

मूठ आली, लावली, आणि आरामखुर्ची बाजूला सारून आतून दार लावलं. तळहात ठेवला, खाली दाबलं, खट्‌ आवाज आला. कुणाच्याही मदतीशिवाय. मी तशीच उभी राहिले, डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू.

मग उघडायला गेले. उघडेना. लावताना दांडी खाली दाबायची होती, ते जमलं. उघडताना तीच खालून वर उचलायची, त्याला बोटं लागतात. मनगट खाली घालून पाहिलं, दुसरा हात लावून पाहिलं, लाटण्याने ठोकून पाहिलं. आपल्याच घरात, आपल्याच किल्लीने, आपल्याच भाचीच्या कृपेने मी कोंडली गेले. शेवटी खिडकीतून घड्याळजीला हाक मारली आणि किल्ली फडक्यात बांधून खाली टाकली. तो उसासे टाकत वर आला. या वेळचे उसासे मला पटले.

आता नावं ठेवते. दांडीचं टोक टोकदार आहे, तळहाताला डाग पडलाय. स्क्रू सैल होतो. लाकूड ओल्या हाताला निसटतं. आणि ज्या पोरीला आयुष्यात फक्त दारं लावायची असतात आणि उघडायची नसतात, तिने तुरुंगात नोकरी बघावी.

घड्याळजीच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याने तुझ्या बापाला कळवलं. बाप म्हणतो, कोंडून ठेवणारी मूठ असली तर न लागणारं दारच बरं होतं, आणि तो डिसेंबरात गाडी घेऊन येणार. मी भांडले नाही. पण कपाटातली पुस्तकं कुठली न्यायची, याचा विचार काल पहिल्यांदा मनात आला, आणि मला तो मुळीच आवडला नाही.

बाईंनी काय विचारलं होतं, ते आता तरी ऐक.

तुझी,
आत्या

---

१२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाईंनी विचारलं होतं, की आणि उघडताना?

तुझं पत्र मी त्यांच्या हातात दिलं आणि टेबलाशी उभी राहिले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळं वाचलं, तुरुंगाच्या वाक्याला हसल्या, आणि मला काड्या बांधून तालीम करायला लावली ती फक्त शोभेसाठी होती का, एवढं विचारलं. मी म्हटलं की मला हे जमत नाही, मी दुसरं काहीतरी घेते, चमचे वगैरे. त्या म्हणाल्या की पहिली वस्तू आत्याने कपाटात ठेवली, दुसरीने तिला कोंडलं, म्हणजे दुसरी निदान चालली. वाईट वस्तूवर माणूस इतकं तपशीलवार भांडत नाही, निरुपयोगी वस्तूवर भांडतच नाही. मग त्यांनी बाह्या वर केल्या. त्या दिवसापासून कॉलेज सुटलं की त्या थांबतात. एकदाही माझ्या हातातली कानस घेत नाहीत. नुसत्या शेजारी बसून आपलं काम करतात, आणि मी चुकले की त्यांच्या कानशीचा आवाज थांबतो.

ही तिसरी मूठ. दांडी आता दोन्ही बाजूंना आहे, मध्ये किल्ली. हिच्यावर वर्गातल्या सगळ्यांनी काड्या बांधून, ओल्या हातांनी, डोळे मिटून कुलूप लावलं आणि उघडलं. उघडलं, आत्या. लाकडाला तेल नाही, चकाकी नाही, तळहात बसेल तिथे खोलगट आहे आणि स्क्रूऐवजी आरपार खीळ आहे. एका बाजूला हाताला लागेल असा एक उंचवटा ठेवलाय, तो कशासाठी हे तुझं तू शोध.

घाई मी केली होती, आणि कोंडलं तुला. त्याचं मला फार वाईट वाटतं. बाबांना काही सांगू नकोस, ते येतील तेव्हा येऊ देत. मूठ डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परत पाठव. परीक्षक त्याच आठवड्यात आहेत. तुझ्या शिव्यांची वाट बघतेय.

तुझी,
उचापत

---

४ डिसेंबर

चि. उचापतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, मागच्या वेळचे थकलेलेही धरून.

मूठ मी परत पाठवणार नाही.

कारण ऐक. रविवारी तुझा बाप गाडी घेऊन आला, न कळवता. सोबत रिकामी खोकी आणली होती. वर आला, दार वाजवलं, पुन्हा वाजवलं. दाराला कुलूप. खाली घड्याळजीचं दुकान रविवारचं बंद. माझा भाऊ खोक्यांसकट जिन्याच्या पायरीवर बसून राहिला, मला काही झालं असेल या विचाराने पांढरा पडून. मी वाचनालयातून आले तेव्हा अंधार पडत होता. हातात दोन पुस्तकं होती. त्याच्यासमोरच मी मूठ काढली, बोटांनी उंचवटा चाचपला (त्या बाजूने उघडतं, मला पहिल्याच दिवशी कळलं, शहाणे), तळहात ठेवला आणि दार उघडलं.

तो आत आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, की ताई, तू कधीपासून संध्याकाळी बाहेर जायला लागलीस. मी म्हटलं, दार लागायला लागल्यापासून. मग तो स्वतः किती तरी वेळ दार लावत आणि उघडत बसला, लहान असताना एक्सचेंजमध्ये मला भेटायला यायचा आणि बटणं दाबत बसायचा तसा. जाताना खोकी इथेच टाकून गेला, जुनी मासिकं भरायला. पडदे त्याच्याच खोलीला लावतोय.

नावं ठेवायची तर जड थोडी आहे. बाकी काही सापडत नाही, आणि मी शोधलं.

आता तूच सांग, ही परत पाठवली तर मी दार कसं लावू? घड्याळजीला सांगून बसलेय की तुझे उसासे आता स्वतःसाठी ठेव. दुसरी करून पाठवेपर्यंत मी पुन्हा खुर्ची टेकवून बसायची का? तुझं वर्ष मोठं आहे हे मला कळतं, म्हणून हे लिहिताना हात जड झालाय. पण बाईंनी खरं लिहायला सांगितलंय, आणि खरं हे आहे की ती मला हवी आहे, रोज.

तुझी,
आत्या

---

९ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग रडले, मग बाईंकडे गेले. इतरांच्या वस्तू टेबलावर मांडल्या होत्या, प्रत्येकीखाली पांढरा कागद. माझ्या कागदावर काही नव्हतं. नियम मी त्यांच्याकडूनच शिकले, तेव्हा सवलत मागितली नाही. फक्त पत्र वाचायला दिलं आणि सांगितलं, की माझी आत्या वस्तू देत नाही आणि मला ती मागवतही नाही. वर्ष गेलं तर जाऊ दे, मी पुन्हा करीन.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग माझ्याकडून तुझा पत्ता लिहून घेतला, सकाळची पहिली गाडी कधी सुटते ते विचारलं, आणि मला कार्यशाळेत जाऊन यंत्रांना तेल द्यायला सांगितलं. काय चाललंय मला माहीत नाही. तू मात्र निश्चिंत दार लावत जा. तुझ्यावर रागावलेली नाही, अभिमानच वाटतो, तुझा आणि थोडा माझाही. लोभ आहे तसाच असू दे.

तुझी,
उचापत

---

१३ डिसेंबर

चि. उचापतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सकाळी दार वाजलं. उघडलं तर गळ्यात भिंग. मागे एक उंच, किडकिडीत गृहस्थ, चढून दमलेले, आणि चेहरा असा की सकाळपासून कुणीतरी त्यांना चुकीचा नंबर जोडून देतंय. ते तुमचे बाहेरचे परीक्षक. वस्तू परीक्षेला येत नसेल तर परीक्षा वस्तूकडे जाईल, असं तुझ्या बाईंनी त्यांना गाडीत बसवून झाल्यावर सांगितलं होतं.

गृहस्थांनी विचारलं, की मूठ कशी वापरता ते समजावून सांगाल का. मी म्हटलं, समजावून सांगायचं नाही असा नियम आहे. आणि त्या दोघांना बाहेर ठेवून मी तोंडावर दार लावलं. आतून कुलूप घातलं. थोडं थांबले, कारण मला मजा वाटत होती. मग उघडलं. गृहस्थांचा चेहरा बदलला होता. तुझ्या बाईंनी त्यांच्या बोटांना काड्या बांधल्या आणि त्यांनाही लावायला सांगितलं. आधी माझ्या नुसत्या चपट्या किल्लीने, ते जमेना. मग तुझ्या मुठीने. जमल्यावर ते माझ्या भावासारखेच लावत-उघडत राहिले.

मग बाईंनी मूठ भिंगाखाली धरली. मी चहा टाकला होता, तो उतू गेला, तरी त्यांची मान वर झाली नाही. माझा तळहात बसतो तिथे लाकूड काळसर, गुळगुळीत झालंय. ते त्यांनी परीक्षकांना दाखवलं. नंतर एका टोकाला बोट ठेवून मला विचारलं, की इथे हे बारीक खड्डे कसले. मी शरमले. जिना उतरताना मी त्या टोकाने घड्याळजीच्या कठड्यावर दोन टोले देते, मी बाहेर निघाले हे त्याला कळावं म्हणून. आल्यावर एक टोला. तो आतून घड्याळाची घंटी वाजवतो. एक्सचेंजची जुनी खोड, दुसरं काय. हे तू मुठीत घातलेलं नव्हतंस, ते आपोआप निघालं.

हे ऐकून तुझ्या बाईंनी मूठ माझ्या हातात परत ठेवली, खिडकीकडे वळल्या, आणि अगदी हळू, स्वतःशीच, एक शब्द बोलल्या. परीक्षकांना तो ऐकू गेला नाही. मी जन्मभर लाइनवर बारीक आवाज पकडलेत, मला गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मला झाडू मागितला.

मी दिला. त्यांनी माझी पुढची खोली झाडली, मग उंबरा, मग बाहेरचा जिना थेट घड्याळजीच्या दारापर्यंत, कोपऱ्यांसकट. परीक्षकांनी पाय वर घेतले. मी बाईंना थांबवलं नाही. नियम तो नियम, मग तो कुणीही असो.

निकाल तुला कॉलेज कळवील, पण हातच्या कांकणाला आरसा कशाला. घड्याळजीला त्याच्या बहिणीसाठी अशीच एक हवी आहे, त्याचं बघ. सुट्टीत ये, या वेळी बोललीस तरी चालेल.

हे पत्र इथेच थांबवते. वाचनालय बंद व्हायला वेळ आहे, दार लावून निघतेय, वाटेतल्या पेटीत टाकते.

तुझी,
आत्या